कोल्हापुरातून जर्मनीला शिकायला: कागद, पैसे आणि तिथले पहिले दोन महिने

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मुंबईत अडकतो, असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा तो त्याआधीच कोल्हापुरात अडकलेला असतो. दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही, ट्रान्सक्रिप्ट वेळेत मागितलेली नसते, तारण द्यायच्या घराच्या उताऱ्यावर चुलत्यांचं नाव असतं आणि त्यांची सही झालेली नसते. व्हिसाच्या खिडकीपर्यंत पोचल्यावर यातलं काहीच पटकन दुरुस्त होत नाही. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा घरातून निघण्याआधीच्या कामांना दिली आहे.

लेख पदवीनंतर मास्टर्सला जाणाऱ्यांसाठी आहे. नुसत्या बारावीवर जायचं असेल तर बहुतेकांना आधी तिथलं एक वर्षाचं श्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठपूर्व अभ्यासक्रम, करावं लागतं. तो रस्ता वेगळा आहे, त्याची गल्लत इथे करू नका.

कधी सुरुवात करायची

जर्मनीत मुख्य प्रवेश हिवाळी सत्राला होतात आणि ते सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. कामाला आदल्या वर्षीच्या जून-जुलैपासून लागायचं, म्हणजे इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू होतानाच. गणपतीच्या आधी पासपोर्ट आणि नावाची दुरुस्ती, दिवाळीपर्यंत आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, ट्रान्सक्रिप्ट आणि एपीएसचा (पदव्या खऱ्या असल्याच्या प्रमाणपत्राचा) अर्ज, डिसेंबरपासून विद्यापीठांचे अर्ज. हिवाळी सत्रासाठी अर्जाची सर्वसाधारण शेवटची तारीख १५ जुलै अशी सांगितली जाते. पण युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच अभ्यासक्रमांची मुदत मार्च ते मे दरम्यानच संपते. १५ जुलै डोळ्यापुढे ठेवून बसलेल्यांच्या हातून चांगले अभ्यासक्रम तिथेच निसटतात. प्रत्येक अभ्यासक्रमाचं पान उघडा आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

नाव: सगळ्यात आधी हेच

आपल्याकडे गुणपत्रकावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत येतं. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात असतं आणि उरलेलं नाव दुसऱ्या. हा क्रमाचा फरक कुणी अडवत नाही. अडवलं जातं ते स्पेलिंगवर आणि नसलेल्या शब्दावर. दहावीला वडिलांचं नाव ‘संभाजी’, आधारवर ‘संभाजीराव’, पासपोर्टवर वडिलांचं नावच नाही, आणि पदवीवर आडनावात एक अक्षर जास्त. चार कागद, चार माणसं. तिकडचा कर्मचारी या चार नावांचा एकच माणूस आहे असं स्वतःहून मानत नाही.

दहावीचं प्रमाणपत्र, बारावीचं गुणपत्रक, पदवीची सगळी गुणपत्रकं, आधार, पॅन आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर ताडून पाहा. दहावी-बारावीच्या कागदात चूक असेल तर शाळेमार्फत माध्यमिक मंडळाच्या कोल्हापूर विभागीय कार्यालयात दुरुस्तीचा प्रस्ताव जातो. शाळेचं जनरल रजिस्टर हाच त्यातला मुख्य पुरावा, म्हणून आधी शाळेत जाऊन तिथे काय लिहिलंय ते पाहा. पदवीच्या गुणपत्रकातली चूक कॉलेजमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जाते. शेवटच्या सत्राचा निकाल लागण्याआधी ती दुरुस्त झाली, तर पदवी प्रमाणपत्र थेट बरोबर छापून येतं.

नाव खरोखर बदललं असेल, उदाहरणार्थ लग्नानंतर, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्यावी लागते. अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन होतो. एखाद्या अक्षराचा फरक असेल आणि मूळ कागद दुरुस्त होण्यासारखा नसेल, तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत नोटरी करून जवळ ठेवा. पण प्रतिज्ञापत्र ही शेवटची वाट आहे. जिथे मूळ कागद दुरुस्त होतो तिथे तोच करा.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आत्ताच पुन्हा काढून घ्या. विमानाच्या तिकिटापासून तिथल्या बँकेपर्यंत आडनावाशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, पण कागद तपासणी आणि बोटांचे ठसे कोल्हापुरातल्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात होतात. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला २,००० जास्त. पोलीस पडताळणी राहत्या पत्त्याच्या ठाण्यातून होते. गाव राधानगरीचं आणि राहणं कोल्हापुरात, असं असेल तर जिथे प्रत्यक्ष राहता तोच पत्ता द्या. पोलीस आले आणि तुम्ही तिथे सापडला नाहीत, की प्रकरण प्रतिकूल शेऱ्यासह परत जातं.

ट्रान्सक्रिप्ट, आणि गुणांचा हिशोब

गुणपत्रक आणि ट्रान्सक्रिप्ट एक नव्हे. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांचे विषय, श्रेयांक आणि गुण एकत्र दाखवणारा, शिक्का-सही असलेला अधिकृत कागद. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात शिकत असाल तर तो विद्यापीठाकडून घ्यावा लागतो. कॉलेज स्वायत्त असेल तर गुणांच्या बऱ्याच नोंदी कॉलेजच्याच परीक्षा विभागात असतात आणि पदवी मात्र विद्यापीठाची असते. आपला कागद नेमका कुणी द्यायचा, हे आधी विचारून घ्या. अर्धा महिना कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यातल्या फेऱ्यांतच जातो. मागताना पाच-सहा प्रती सीलबंद लिफाफ्यात घ्या आणि एक स्कॅन करण्यासाठी उघडी ठेवा.

त्याबरोबर आणखी एक कागद आवर्जून मागा: गुणपद्धतीचा दाखला. त्यात कमाल श्रेणी किती आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान किती, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. कारण जर्मनीत तुमचे गुण एका सूत्राने बदलले जातात. कमाल श्रेणीतून तुमची श्रेणी वजा करायची, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण श्रेणीतल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. उत्तर १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं. समजा तुमचा सीजीपीए ८.२ आहे आणि किमान उत्तीर्ण श्रेणी ४. मग १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९. तीच किमान श्रेणी कुणी ५ धरली तर उत्तर २.०८ येतं. बऱ्याच अभ्यासक्रमांना २.० किंवा २.५ ची अट असते. दाखला नसेल तर समोरचा कर्मचारी स्वतःच्या अंदाजाने आकडा घालतो, आणि तो अंदाज तुमच्या बाजूने असेलच असं नाही.

तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम असेल तर अर्जापूर्वी अभ्यासक्रमाला विचारा की त्यांना किती ईसीटीएस (युरोपातल्या पद्धतीचे) श्रेयांक हवेत. काही ठिकाणी तीन वर्षांची पदवी चालते, काही ठिकाणी नाही. ईमेलवर लेखी उत्तर घ्या.

एपीएस: याच्याशिवाय पुढे काहीच नाही

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. दिल्लीतलं एपीएस कार्यालय तुमच्या पदव्या आणि गुणपत्रकं खरी आहेत का हे तपासतं. शुल्क १८,००० रुपये. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मागितलेल्या कागदांच्या प्रती सूचनेत सांगितल्या तशाच द्यायच्या. मूळ प्रमाणपत्रं कधीही कुरिअर करू नका. एखादी गुणपत्रिका राहिली किंवा मागची बाजू स्कॅन केली नाही, तर अर्ज बाजूला पडतो आणि नवा कागद येईपर्यंत तिथेच राहतो. गुणपत्रकाच्या मागे नियम किंवा श्रेणीतक्ता छापलेला असेल तर दोन्ही बाजू द्या. गर्दीच्या महिन्यांत प्रमाणपत्राला वेळ लागतो. डिसेंबरच्या अर्जांसाठी नोव्हेंबरमध्ये अर्ज करून चालत नाही, तो दिवाळीच्या आधीच गेलेला बरा.

इथे एक गोष्ट पैसे वाचवणारी आहे. ‘परदेशी जायचंय म्हणजे अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) हवंच’ असं सांगून प्रत्येक कागदामागे पैसे घेणारे पुष्कळ भेटतील. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, हे खरं. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली आहे, त्यामुळे भारतीय अपोस्टिलला तिथे अर्थ नाही. कागदांच्या खरेपणाचं काम एपीएस करतं. इटलीला किंवा दुसरीकडे अर्ज करत असाल तर मात्र त्या देशाचा नियम वेगळा पाहा.

अर्ज

काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात, काही उनी-असिस्ट नावाच्या संस्थेमार्फत. उनी-असिस्टला एका सत्रातल्या पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकी ३० युरो लागतात. त्यांच्याकडून तपासणी व्हायला आठवडे जातात, म्हणून शेवटच्या आठवड्यात अर्ज टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्राचं योगदान असतं. तेही गावानुसार बदलतं, साधारण १०० ते ३५० युरो. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना शुल्क लावलं आहे.

‘फी घेत नाही, सगळं मोफत करून देतो’ म्हणणाऱ्या सल्लागाराला एकच प्रश्न विचारा: तुम्हाला पैसे कोण देतं? बहुतेक वेळा ते खासगी कॉलेज देतं, आणि मग यादीत तीच कॉलेजं वर दिसतात. तिथली वर्षाची फी दहा-बारा लाखांच्या घरात जाऊ शकते. संस्था राज्यमान्य आहे का, आणि वर्ग प्रत्यक्ष भरतात की निम्मे ऑनलाइन, हे स्वतः तपासा. ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी व्हिसा मिळणं अवघड जातं.

पैसे: घरच्यांनी एकत्र बसून वाचायचा भाग

व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च आधीच बाजूला ठेवल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट असतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यातली रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. अर्ज करताना वाणिज्य दूतावासाच्या पानावर आकडा पुन्हा पाहा, तो बदलतो. शंभर रुपयाला युरो धरला तर जवळजवळ बारा लाख. त्याशिवाय एपीएस, अर्ज, व्हिसा, तिकीट, घराचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचा खर्च मिळून दोन-तीन लाख हाताशी लागतात. आणि हे पहिल्या वर्षाचं झालं.

एवढी रक्कम बहुतेक घरांत कर्जातून येते. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या सर्वसाधारण योजनेत चार लाखांपर्यंत तारण नाही. साडेसात लाखांपर्यंत जामीनदार किंवा सरकारी हमी योजना, आणि त्यावर मालमत्तेचं तारण. म्हणजे जर्मनीच्या कर्जाला तारण लागणार हे धरून चाला. परदेशी शिक्षणाच्या कर्जात साधारण १५ टक्के रक्कम आपली घालावी लागते.

इथे आपल्या भागातली खरी अडचण येते. घरात चार एकर बागायत आहे, म्हणून तारणाची काळजी नाही, असं वडील म्हणतात. शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. त्यांना हवं घर, फ्लॅट, एनए प्लॉट किंवा मुदत ठेव. गुंठेवारीतला प्लॉट नियमित झालेला नसेल तर नकार मिळतो. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय गहाण ठेवता येत नाही. गावठाणातल्या घराचा फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो. त्यावर बँक हात आखडते, मात्र स्वामित्व योजनेत गावाची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळालं असेल तर गोष्ट सोपी होते. आणि सगळ्यात जास्त वेळ खाते ती सामायिक मालकी. आजोबांच्या नावावरचं घर, वारस नोंद झालेली पण वाटणी तोंडी. मग उताऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या लागतात, त्यात लग्न होऊन गेलेल्या आत्याही आल्या. हा विषय घरात मे महिन्यात काढू नका, दिवाळीत सगळे एकत्र असतात तेव्हा काढा.

बँक सर्वसाधारणपणे मागते ते असं: खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, एनएचा आदेश, बांधकाम परवाना आणि पूर्णत्वाचा दाखला, घरफाळ्याची चालू पावती, वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल आणि मूल्यांकनकाराचा अहवाल. सातबाऱ्यावर सोसायटीचा जुना बोजा फेडूनही तसाच दिसत असेल तर तलाठ्याकडून तो कमी करून घ्या. फेड झाली तरी फेरफार आपोआप होतोच असं नाही. मंजुरीला सहा ते आठ आठवडे धरा. आणि मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये रक्कम प्रत्यक्ष गेल्याशिवाय तुम्हाला पुष्टीपत्र मिळत नाही.

स्वतःचे पैसे वापरणार असाल तर ते कुठे आहेत ते पाहा. पतसंस्थेतली ठेव कितीही मोठी असली तरी तिथून परदेशी रक्कम जात नाही. ती आधी बँकेत आणावी लागते. उसाच्या बिलावर भिस्त असेल तर हिशोब आणखी काटेकोर हवा. कायद्याने एफआरपी चौदा दिवसांत मिळायला हवी, पण ती किती दिवसांनी येते हे शेतकऱ्याला सांगायला नको. जुलैमध्ये लागणारी रक्कम मेअखेरपर्यंत खात्यात असलीच पाहिजे.

शिष्यवृत्त्या विसरू नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, तर मराठा-कुणबी समाजासाठी सारथीची आणि इतर मागासवर्गीयांसाठी बहुजन कल्याण विभागाची परदेशी शिष्यवृत्ती. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट दरवर्षीच्या जाहिरातीत येते, तीच अंतिम धरा. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आधी काढून ठेवा, कारण जाहिरातीची मुदत थोड्या आठवड्यांची असते. निवडयादी उशिरा लागते, म्हणून कर्जाचं काम थांबवू नका.

रक्कम पाठवताना

ब्लॉक्ड अकाउंट देणाऱ्या कंपनीच्या पत्रात भरायची नेमकी रक्कम आणि एक संदर्भ क्रमांक असतो. त्यात ११,९०४ च्या वर कंपनीचं शुल्कही धरलेलं असतं. पत्रातला आकडा शेवटच्या सेंटपर्यंत पोचला पाहिजे. त्यासाठी बँकेत ए-टू अर्ज भरताना तीन गोष्टी सांभाळा. उद्देश ‘परदेशी शिक्षण’, कोड एस०३०५. मधल्या बँकांचा खर्च पाठवणाऱ्याकडे, म्हणजे ‘अवर’ हा पर्याय. ‘शेअर्ड’ निवडला तर वाटेतली बँक वीस-पंचवीस युरो कापते, रक्कम कमी भरते आणि पुष्टीपत्र अडतं. तिसरं, संदर्भ क्रमांक शेऱ्यात. तो नसेल तर पैसे पोचतात पण कुणाचे ते कळत नाही.

प्रत्येक शाखेत परकीय चलनाचं काम होत नाही. सहकारी बँकेत खातं असेल तर बहुधा दुसऱ्या बँकेतून पाठवावं लागेल. ज्या शाखेत हे रोज होतं तिथेच जा. गावच्या शाखेतल्या साहेबांनी ‘करू की’ म्हटलं तरी त्यांना फाइल शेवटी कोल्हापूरच्या मुख्य शाखेतच पाठवावी लागते.

एका आर्थिक वर्षात एका पॅनवरून दहा लाखांपेक्षा जास्त रक्कम पाठवली तर वरच्या भागावर टीसीएस, म्हणजे रक्कम पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो. रक्कम बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेली तर कापला जात नाही. सोनेतारण किंवा वैयक्तिक कर्ज यात बसत नाही. आई-वडील दोघांची पॅन कार्डं असतील तर थोडी रक्कम एकाच्या, थोडी दुसऱ्याच्या खात्यातून पाठवता येते, मात्र ब्लॉक्ड अकाउंट दोन हप्त्यांत रक्कम घेतं का हे आधी विचारा. कापलेला टीसीएस बुडत नाही. ज्याच्या पॅनवर कापला त्याने विवरणपत्र भरलं की कराशी जुळतो किंवा परत मिळतो.

व्हिसा

महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाखाली येतो. २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. कागद अपलोड करायचे, प्राथमिक तपासणी होते आणि मग बोटांचे ठसे द्यायला आणि मूळ कागद दाखवायला व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जायचं. शुल्क ७५ युरोंइतके रुपये. प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचं पुष्टीपत्र, भाषेचं प्रमाणपत्र, विम्याचा पुरावा, बायोडेटा आणि हेतुपत्र, हे मुख्य कागद.

हेतुपत्र कुणाचं तरी उचलू नका. तुम्ही काय शिकलात, हाच अभ्यासक्रम का, त्यातले कोणते विषय, पुढे काय, एवढं दोन पानांत स्वतःच्या भाषेत लिहा. पदवीनंतर वर्ष-दोन वर्षांचा खंड असेल तर लपवू नका. त्या काळात काय केलं ते सांगा आणि पुरावा जोडा. १ जुलै २०२५ पासून नकारावर फेरविचाराचा साधा अर्ज बंद झाला आहे. नकार आला तर नवा अर्ज, नाहीतर न्यायालय. म्हणून पहिलीच फाइल पूर्ण हवी.

भेटीच्या तारखा जुलै-ऑगस्टमध्ये येतात, आणि तोच आपल्याकडे पुराचा काळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ बंद पडला होता. त्या दिवसांत तारीख असेल तर दोन दिवस आधी मुंबईला पोचा. एरवीही महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरून लगेच नऊची भेट गाठायचा बेत करू नका. नदीकाठच्या गावात राहत असाल तर मूळ कागद पावसाळ्याआधीच प्लास्टिकच्या बंद फोल्डरमध्ये घालून वरच्या मजल्यावर किंवा शहरातल्या नातेवाइकांकडे ठेवा.

निघण्याआधी

वडिलांच्या किंवा आईच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. बँकेच्या कर्जावरच्या सह्या, विद्यापीठातून पदवी प्रमाणपत्र घेणं, यासाठी ते लागतं. तिथे गेल्यावर तेच वकिलातीतून करायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. परकीय चलन कायद्यानुसार शिकायला गेलेला विद्यार्थी अनिवासी धरला जातो, म्हणून बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासींच्या खात्यात) बदलून घ्यायचं असतं. आणखी एक, आपल्याकडे महत्त्वाचं: अनिवासी झाल्यावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची किंवा वारसाने आलेली ठेवता येते. मुलगा परदेशी असताना त्याच्या नावावर रान घ्यायचा विचार घरात असेल तर तो सोडा. भारतातलं सिम बंद करू नका. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

घरासाठी प्रवेश मिळालेल्या दिवशीच श्टुडिएरेंडनवेर्क या विद्यार्थी संस्थेच्या वसतिगृहाला अर्ज करा. मोठ्या शहरांत यादी लांब असते. खासगी खोलीसाठी घर न पाहता, करार न होता डिपॉझिट मागणारा माणूस फसवा समजा. ‘मी लंडनला आहे, चावी कुरिअर करतो’ ही ठरलेली थाप आहे.

सामानात दूध आणि मांस यांचे पदार्थ नकोत. युरोपीय संघात प्रवाशाला ते बाहेरून आणता येत नाहीत, त्यात तूप आणि पेढेही आले. ताजी मिरची, कढीपत्ता नको. कांदा-लसूण चटणी, भडंग, पोहे, गूळ चालतं, मात्र पाकीटबंद आणि नाव लिहिलेलं असावं. औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह तीन महिन्यांपुरती. चष्मे दोन. दाताचं काम इथेच उरकून जा. आपला तीन जाड पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, दोन अॅडाप्टर घ्या.

हातात किती पैसे? ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे तिथे खातं उघडून कागद दिल्यावरच सुटतात, आणि त्याला दोन ते चार आठवडे जाऊ शकतात. तोवर भाडं, डिपॉझिट आणि जेवण चालवायचं असतं. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं. म्हणून फॉरेक्स कार्डावर किमान १,५०० युरो आणि रोख दोनशे-तीनशे ठेवा.

तिथे पोचल्यावर

पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात करायची. त्यासाठी घरमालकाची ‘हा माझ्याकडे राहतो’ अशी लेखी पुष्टी लागते. ती देणार नाही असं म्हणणाऱ्याची खोली घेऊ नका, कारण नोंदणीशिवाय पुढची सगळी साखळी थांबते. नोंदणीच्या आधीच टपालपेटीवर स्वतःचं आडनाव चिकटवा. तिथला पोस्टमन नाव नसलेल्या पेटीत पत्र टाकत नाही. करक्रमांक, बँकेचा पिन आणि विम्याचं कार्ड टपालानेच येतं, आणि परत गेलं की पुन्हा महिना जातो.

आरोग्य विमा तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीतला घेता येतो. महिन्याला साधारण १४०-१५० युरो. तिशी ओलांडली असेल तर खासगी घ्यावा लागतो. सरकारी विमा सत्र सुरू झाल्यावर लागू होतो, म्हणून सप्टेंबरमध्ये पोचत असाल तर तोवरचा प्रवास विमा हवा. विमा कंपनीला विद्यापीठाकडे एम-१० ही डिजिटल सूचना पाठवायला सांगा. ती पोचेपर्यंत नावनोंदणी पूर्ण होत नाही. खासगी विमा घेणाऱ्यांनीही सरकारी कंपनीकडून सूट मिळाल्याची हीच सूचना पाठवून घ्यायची असते.

टीव्ही-रेडिओ शुल्काचं पत्र येईल: घरामागे महिन्याला १८.३६ युरो. फसवणूक समजून फेकू नका. एकत्र राहणाऱ्यांपैकी एकानेच भरायचं असतं, बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

व्हिसा तीन ते सहा महिन्यांचा असू शकतो. तो संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाकडे निवास परवान्याचा अर्ज गेला पाहिजे. भेट मिळायला मोठ्या शहरांत महिने लागतात, म्हणून नोंदणी झाली की त्याच आठवड्यात अर्ज करा. मुदतीच्या आत अर्ज गेलेला असेल तर तात्पुरतं पत्र मिळतं आणि राहणं कायदेशीर राहतं. तेच पत्र मिळेपर्यंत दिवाळीला घरी यायचं तिकीट काढू नका. परत जाताना विमानतळावर अडचण येऊ शकते.

कामाची मुभा वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस आहे. पहिल्या सत्रात भाषा आणि अभ्यास सांभाळताना काम मिळेलच असं नाही, म्हणून कर्जाच्या हिशोबात ती कमाई धरू नका. परवान्याच्या नूतनीकरणाला पुढच्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो: ब्लॉक्ड अकाउंट किंवा नियमित कामाच्या पगारचिठ्ठ्या. बँकेला कर्ज मागताना दोन्ही वर्षांची रक्कम एकाच मंजुरीत घ्या आणि दुसरा हप्ता परवाना संपण्याच्या तीन महिने आधी मागवा.